तीस जोड्या मोजेपर्यंत

पूर्ण्यात एका मानसाला दीड कान हाय. रंगनाथ त्येचं नाव, आमच्या दुकानासमोर चहाचा गाडा लावतो. उरलेला अर्धा कान आमच्या बिरदेवनं खाल्ला. खाल्ला म्हंजे गिळला न्हाई, थुकला. मी तिथंच व्हते. माझ्याच दुकानातला फोम त्या कानाला दाबून धरून मी रंगनाथला दवाखान्यात नेलं, म्हनून एवढ्या खात्रीनं सांगायलेय.

बिरदेवची वळख करून द्यायची तर कानापासूनच करावी लागते. त्येचं नाक, डोळे, रंग समदं मागाहून.

झिरो फाट्याकडं जानाऱ्या रोडला माझं गाड्यांचे सीट कव्हर शिवायचं दुकान हाय. मी शिवकन्या, पन समदे मला मावशीच म्हनतात. माझ्याहून म्हातारे डायवर मावशी म्हनतात, त्यांच्या सीटमंदी मी मुद्दाम एक टाचनी विसरते. माझ्या दुकानाला लागून बिरदेवचं दुकान. गाड्यांच्या काचा बसवायचा, मिरर लावायचा. मधी नुसता एक पत्रा. पत्र्याला भोक हाय, त्यातून माझं बोलनं तिकडं जातं अन् त्येचं ‘हूं’ हिकडं येतं. मानूस तसा मुकाच. बोलायचं काम त्येचे हात करायचे, हेच तर समदं दुखनं व्हतं.

जल्मला तो माझ्या बापाच्या वावरात. सोनपेठकडं माझं माहेर. त्येचा बाप ग्यानबा मेंढरं घेऊन यायचा, रब्बी निघाली की आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा. मी अकरा वर्षांची आसंल. सकाळी त्येची आई म्हाळसाबाई मेंढरांभवती वाघुर, म्हंजे जाळीचं कुंपन, लावत व्हती, दुपारी तिच्या कडंला हे गाठोडं. आईनं मला तूप घेऊन पाठवलं तर हे गाठोडं मुठी आवळून रडायलं व्हतं. मी म्हनलं, “म्हाळसामावशी, हे तर कुस्ती खेळायलंय.” मला काय ठावं, बोलले ते त्येच्या जल्माला चिकटंल म्हनून.

सोळा वर्षांचा असताना ती ट्रकची गोष्ट झाली. ती सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई.

कारखान्याच्या रोडला उसाचा रिकामा ट्रक उभा व्हता. ऊन लय. ट्रकच्या मागं सावली, म्हनून मेंढरं तिथं टेकली, ग्यानबाबी टेकला. डायवर वर चढला. त्येचा बाजूचा मिरर ढिल्ला झालेला, मान मोडलेल्या कोंबडीवानी खाली लोंबायला. त्येच्यात मागचं काई दिसेना, नुसतं चाक दिसायचं. त्येनं मुंडी भायेर काढून बघावं? न्हाई. टाकला रिव्हर्स. अकरा मेंढरं गेली. मेंढरू ओरडत न्हाई हो, गुमान मरतं. आवाज येतो तो फक्त हाडांचा. ओरडला तो ग्यानबा. डावा पाय मांडीपासून चाकाखाली.

बिरदेव लांब, पान्यावर व्हता. तिथूनच त्येनं गोफन काढली. पहिल्या धोंड्यात ट्रकची पुढची काच. दुसऱ्या धोंड्यात डायवरचा जबडा. तिसरा धोंडा लावला व्हता, म्हाळसाबाईनं हाताला लोंबकळून धरला म्हनून डायवर वाचला.

पंच बसले. ट्रकमालक नांदेडचा, त्येचं काचेचं दुकानबी व्हतं. तो म्हनला, “केस तुमी करू नका, आमी करत न्हाई. पन माझी काच ज्यानं फोडली त्येनंच बसवायची.” गेला बिरदेव नांदेडला, एक काच बसवायला. सा वर्षं राह्यला. परत आला तो असा कारागीर होऊन की काच बसवली तर पावसाचं पानीबी आत यायला वाट शोधत बसावं. अन् एक येड घेऊन आला. कुटंबी गाडी उभी दिसली की जाऊन मिरर हालवून बघायचा. ढिल्ला निघाला की डायवरला म्हनायचा, “आधी हे घट कर.” नसंल करत तर गाडी जाऊ द्यायचा न्हाई. जीपवाले त्येला बघितलं की गाडी दोन खांब पुढं नेऊन लावायचे.

रंगनाथ तवा टेम्पो चालवायचा. त्येचा मिरर फुटलेला. बिरदेवनं तीनदा सांगितलं. चौथ्या वक्ताला रंगनाथ म्हनला, “तुझ्या बापाचा पाय गेला म्हनून मी का आरसे लावत फिरू?” बस. पुढं तुमाला ठावं हाय. टेम्पो सुटला, चहाचा गाडा आला, अर्धा कान गेला. आता दोघं एकमेकाशी बोलतात, पन रंगनाथ चहा देताना हात लांब करून देतो.

बायको बबिता, बोरीची. तीबी मेंढरं वळनाऱ्यांचीच पोर. लगीन झालं तवा मी तिला म्हनलं, “तुझा नवरा तुला कधी मारनार न्हाई, पन तुझ्यासाठी समद्या गावाला मारंल.” ती हसली. हसनं टिकलं दोन वर्षं. तिच्या भावाचं, हरिओमचं लगीन निघालं. हळद लागली व्हती, पोरगा पिवळाधमक पाटावर बसलेला. चेष्टेच्या भरात बोलून गेला, “लंगड्या ग्यानबाचा लेक आला, खुर्ची द्या रे.” बिरदेवनं खुर्ची दिली. त्येच्या तोंडावर. नवरदेव हळदीच्या अंगानं रक्त थुकायला, दोन दात पाटावर पडलेले, अन् बाया हातातले हळदीचे गोळे तसेच धरून उभ्या.

बबिता त्या दिशी माहेरीच राह्यली. चौदा महिने राह्यली.

मी तीन वेळा बोरीला गेले, एस्टीनं, गुडघे दुखत असताना. दोनदा तिच्या आईनं पानी बी इचारलं न्हाई. तिसऱ्यांदा बबिता भायेर आली. म्हनली, “मावशी, मी येते. पन ऐका. त्येनं परत कुनावर हात उचलला अन् मला दिसला, तर त्याच पावली मी निघनार. मंग तुमी काय, खुद्द बिरोबा घ्यायला आला तरी येनार न्हाई.”

मी म्हनलं, “न्हाई उचलायचा. उचलला तर माझी जीभ कापून तुझ्या हातात देईन.”

“जीभ नगं,” ती म्हनली, “तुमाला दुसरं हाय काय?”

बघा, अशी पोर! मला तवाच वाटलं, ही राहनार.

आली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं चूल मांडली. बिरदेवनं बापाची जुनी गोफन बिरोबाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवली अन् हात जोडले. देवाला जोडले का गोफनीला, मला पत्र्याच्या भोकातून कळालं न्हाई.

त्येला आठ दिवस झाले अन् ती पिवळी गाडी आली.

मे म्हैना. रोडचं डांबर चपलेला चिकटायलं व्हतं. सकाळी दहाला फाट्याकडून आवाज आला, जसं कुनी पत्र्यावर रेडा घासायलाय. गाडी थांबली. दोनच दरवाजे, अन् इतकी ठेंगनी की कुत्र्यानं तंगडी वर केली तर टपावर जावं. रेसची गाडी म्हने. आमच्या रोडला रेस कशाची, खड्ड्यांची?

आतून योगीराज निघाला. निघाला म्हंजे उपसला. बन्सीधररावांचा थोरला, पुन्याला असतो. बापाची जमीन, खडी क्रशर, अन् ह्येच्या डोळ्यावर गॉगल. त्या दिशी चुलतभावाचं लगीन, सांजच्याला पाच वाजता नवरदेव ह्या गाडीत बसून वरात निघायची व्हती.

“ए काचवाल्या, मधला मिरर हालायलाय. दहा मिनटात कर.”

बिरदेव वाकून आत गेला. पाहतो तर मिररच्या दांडीला योगीराजच्या आईनं, पार्वतीबाईनं, काळी भावली, लिंबू-मिरच्या, एक घुंगरू अन् घोड्याचा नाल बांधलेला. खराखुरा नाल, पावशेर लोखंड! मी पत्र्याच्या हिकडून म्हनलं, “बाबा योगीराज, घोडाच बांधायचा राह्यला की.”

“मावशी, तुमी तुमचं शिवा.”

“शिवते की. तोंड शिवायचं असंल तर सांग, सुई हाय हातात.”

रंगनाथ तिकडून हसला. योगीराज न्हाई हसला.

आता हे काम कसं असतं ते सांगते, कारन पुढचं समदं त्याच्यावर हाय. मधला मिरर काचेलाच चिकटलेला असतो. काचेला रुपयाएवढी एक लोखंडी चकती डकवायची, अन् चकतीत मिरर अडकवायचा. जुना गोंद पात्यानं खरडायचा, काच स्पिरिटनं पुसायची, चकतीला गोंद लावून अंगठ्यानं दाबून धरायचं. मिनिटभर. बोट हालता कामा नये, अन् मधी तेल, धूळ, घाम काई येता कामा नये. बिरदेव घड्याळ बघत न्हाई. त्येचा बाप मेंढरं जोडीजोडीनं मोजायचा, तसं तो मोजतो. एक जोडी, दोन जोडी. तीस जोड्या झाल्या की अंगठा काढायचा. मंग एक दिवस एक रात त्याच्यावर काई अडकवायचं न्हाई.

अन् काम सुरू करायच्या आधी बिरदेव पिशवीतला भंडारा अंगठ्यानं कपाळाला लावतो. बापाची रीत. लावायचा, हात साबनानं धुवायचे, मंग काम. पन त्या दिशी योगीराज हॉर्न वाजवायला. पों पों, पों पों. बबिता घरात व्हती, भांडन व्हायला नको म्हनून बिरदेवनं घाई केली. भंडारा लावला अन् तसाच आत घुसला. हात धुवायचं राह्यलं. मी बघितलं न्हाई, त्येनंबी बघितलं न्हाई. बिरोबानं बघितलं आसंल, पन तो काई बोलला न्हाई.

तीस जोड्या झाल्या. बिरदेव म्हनला, “मिरर उद्या अडकवा. आज गाडी सावलीला ठिवा. अन् तो नाल त्येच्यावर बांधू नका.”

“वरातीला मिररबिगर नेऊ? ड्रोननं शूटिंग हाय,” योगीराज म्हनला. त्येनं आमच्या डोळ्यांदेखत मिरर अडकवला, काळी भावली बांधली, नाल बांधला, अन् गेला. बिरदेव गाडीमागं दोन पावलं पळाला. मंग थांबला. आधीचा बिरदेव असता तर गाडीच्या टपावर बसून मिरर काढला असता. मी भोकातून म्हनलं, “शाब्बास रे पठ्ठ्या, आठ दिवसात मानूस झालास.”

“हूं,” तो म्हनला.

तीन वाजता ती गाडी परत आली. पुढची डावी बाजू बाभळीच्या सालीवानी सोललेली. योगीराजच्या शर्टाला रक्त, पन त्येचं न्हाई. संगं दोन दोस्त, एकाच्या हातात टॉमी, म्हंजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा.

योगीराज उतरला अन् हातातला मिरर त्येनं बिरदेवच्या तोंडावर फेकून मारला. बिरदेवची भुवई फाटली. रक्त डोळ्यात.

“माझ्या आईच्या डोक्यात पडला हे!” योगीराज ओरडला. “ती किंचाळली, मी दचकलो, गाडी बाभळीवर! कपाळ फुटलंय तिचं, टाके पडले! कळतं का तुला, माझी आई हाय ती!”

मी उठले. खरं सांगते, त्या घडीला मला योगीराजची दया आली. आईचं रक्त अंगावर घेऊन मानूस शहाना राहत न्हाई.

बिरदेवनं मिरर उचलला. उलटा केला. चकती त्येच्याबरोबरच निघून आली व्हती. चकतीच्या गोंदात पिवळा थर. हळदीचा. त्येनं नखानं खरडला, बघितला, अन् त्येचं तोंड उतरलं.

आता तो म्हनू शकला असता, तुमी लगेच मिरर का अडकवला. नाल का बांधला. मी म्हनले असते. दहा मिनटं म्हनले असते. पन बिरदेव म्हनला, “चूक माझी हाय. माझ्या अंगठ्याचा भंडारा राह्यला. मी आत्ता घट करून देतो.”

चूक माझी, एवढंच ऐकू आलं योगीराजला. त्येनं कानाखाली लावली. आवाज असा आला की रंगनाथनं आपल्या अर्ध्या कानाला हात लावला.

बिरदेवची उजवी मूठ आवळली. मी बघायलते. जल्मल्या दिशी बघितलेली तीच मूठ. मी भोकातून न्हाई, आता समोर जाऊन बोंबलले, “बिरदेव! घरात कोन हाय ध्यानात ठिव!”

मूठ उघडली. तो बादलीकडं गेला, साबनानं हात धुतले. एकदा, दोनदा, नखांत बी. योगीराज मागून पाठीत बुक्क्या घालायला अन् ह्येचं हात धुनं चालू. “नीट कर,” योगीराज म्हनला, “पाचला वरात हाय. नीट कर अन् मार खात खात कर.”

बिरदेव गाडीत आडवा घुसला. छाती सीटवर, पाय भायेर रोडवर. गोंद खरडला. ज्या पात्यानं खरडला ते पातं चांगलं वितभर, धारवालं. योगीराजनं दोस्ताच्या हातातली टॉमी घेतली, अन् पहिला दांडा बिरदेवच्या पिंडरीवर बसला तवा पातं त्येच्या हातात व्हतं. मी डोळे मिटले. उघडले तर बिरदेवनं ते पातं पलीकडच्या खिडकीतून रोडवर फेकून दिलं व्हतं. लांब. स्वतःच्या हाताला सापडू नये म्हनून.

मंग स्पिरिट, मंग गोंद, मंग अंगठा.

“एक जोडी. दोन जोडी. तीन जोडी.”

दुसरा दांडा मांडीवर. तिसरा कमरेत. दोस्त लोकं दुकानात घुसले. काचा उभ्या लावून ठिवलेल्या, जीपच्या, ट्रॅक्टरच्या, एस्टीची एक मोठी. लाथा घालून पाडायला लागले. मोठी काच एकदम फुटत न्हाई, आधी तडकते, मंग समदी मिळून खाली बसते. माझ्या दुकानातल्या फोमवर काचेचा चुरा साखरेवानी पडला.

“अकरा जोडी. बारा जोडी.”

लोक जमले. पूर्ण्याचे लोक, बघायला पहिले, सोडवायला शेवटी. मी योगीराजच्या पाठीवर माझ्या मापाच्या लोखंडी पट्टीनं दोन घातल्या, त्येनं मला कोपरानं ढकललं, मी गटारीच्या काठावर बसले. रंगनाथ गाड्यावरून बोंबलायला, “अरे बिरद्या, मार की त्येला! माझा कान तर मिनटात तोडलास, आता काय झालं तुला?”

“एकोनीस जोडी. इस...”

बरगडीवर बसला दांडा. कडकन. ते मेंढराच्या हाडासारखंच वाजलं. बिरदेवचा श्वास गेला, आकडा गेला. अंगठा न्हाई गेला. मी म्हनलं आता सोडंल, आता उठंल, अन् योगीराजचं काई खरं न्हाई. तो दम घेऊन म्हनला काय?

“एक जोडी.”

पयल्यापासून! मोजनी चुकली की मेंढरं पयल्यापासून मोजायची, ही बापाची रीत. अरे पन इथं मेंढरं कुटं हायत, भाड्या! मी रडायलतेबी अन् त्येला शिव्या द्यायलतेबी.

तवा बबिता दारात आली. हाताला पीठ. तिनं समदं बघितलं. फुटलेल्या काचा, रोडवर पडलेलं पातं, सीटवर आडवा नवरा, त्येचा वर धरलेला एक अंगठा, अन् मोकळा दुसरा हात, जो तिनं ओळखला. त्या हाताची बोटं सीटच्या कव्हरात रुतली व्हती. कव्हर फाडायलती, पन मानसाकडं जात न्हवती.

बबिता आत गेली. मी म्हनलं, पिशवी भरायलीय. भायेर आली ती पदर खोचून, हातात काईतरी गुंडाळलेलं. माझ्यासमोरून गेली, गर्दीतून गेली, रोड वलांडला अन् पलीकडं रंगनाथच्या गाड्यापाशी जाऊन उभी राह्यली. बोरीची जीप तिथूनच मिळते.

“बबिता!” मी हाक मारली. “अगं त्येनं हात न्हाई उचलला! बघ तरी!”

ती वाकली. रंगनाथची ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हनून तिच्यावर रुळाची खडी ठिवलेली असते, काळे टोकदार धोंडे. तिनं त्यातला एक निवडला. दुसरा निवडला. हातातलं गुंडाळलेलं सोडलं. गोफन व्हती.

“रंगनाथभाऊ, जरा बाजूला व्हा.”

रंगनाथ असा बाजूला झाला की चहाचं पातेलं घेऊन झाला.

योगीराजनं टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली व्हती. ह्या वक्ताला डोकं. ते आमी समद्यांनी बघितलं. गोफन तिच्या डोक्यावर एकदा फिरली, दोनदा फिरली, अन् तो आवाज, भुंग्यावानी, वाढत जातो. मंग टप्प.

योगीराजचं उजवं मनगट उलट्या बाजूला वळलं. टॉमी त्येच्याच पायावर पडली. तो काचेच्या चुऱ्यात गुडघ्यावर बसला अन् हाताकडं बघायला, जसं ते दुसऱ्याचंच हाय. हाड चामडी फाडून जरासं भायेर आलं व्हतं, पांढरं. तवा कुटं तो ओरडला.

दुसरा धोंडा दुकानातून निघनाऱ्या दोस्ताच्या नडगीवर. तो लंगडत पळाला. दुसरा दोस्त धोंड्याची वाट बघायला थांबलाच न्हाई.

बबितानं ताडपत्रीवरून तिसरा धोंडा उचलून लावला. ती योगीराजच्या तोंडाकडं बघायलती. मी गटारीवरून उठले, गेले अन् तिचा हात धरला. म्हाळसाबाईनं धरला व्हता तसा, लोंबकळून. “बास, पोरी. त्येची आई दवाखान्यात हाय.”

तिनं गोफन खाली केली.

समदा रोड गप. अन् त्या गप्प रोडवर गाडीतून आवाज येतच व्हता, बारीक, दम तुटलेला. “सत्तावीस जोडी. अठ्ठावीस जोडी. एकोनतीस जोडी.”

तीस झाल्या. बिरदेवनं अंगठा वडला. जरासा गोंद अंगठ्याला लागलेला, कातडं काचेलाच राह्यलं. सरपटत भायेर आला. एक डोळा बंद, तोंडात रक्त. योगीराजकडं बघून म्हनला, “मिरर आज अडकवू नका.”

मंग त्येला बबिता दिसली, रोडच्या पलीकडं, जीप थांबते तिथं. हातातली गोफन दिसली न्हाई आधी, ती उभी हाय तेवढंच दिसलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला.

“मी न्हाई मारलं,” तो म्हनला. “मावशीला इचार. मी न्हाई मारलं.”

बबिता रोड वलांडून आली. पदरानं त्येची भुवई दाबली. “ठावं हाय,” ती म्हनली. “मी मारलं.”

“तू?”

“अट तुला व्हती. मला कुटं व्हती?”

मी म्हनलं, “अन् माझी जीभ?”

“राहू द्या तोंडात, मावशी. आज कामाला आली.”

बिरदेवच्या तीन बरगड्या मोडल्या, पिंडरीचं हाड तडकलं, भुवईला सा टाके. वरात जीपमधून निघाली म्हने. बन्सीधररावांनी केस केली न्हाई. पोराचं मनगट मेंढरं वळनाऱ्या बाईनं गोफनीनं फोडलं, हे ठान्यात कोनत्या तोंडानं लिहून द्यावं? अन् बिरदेवनंबी केली न्हाई. मी लय बोलले त्येला. म्हनला, “भंडारा माझाच राह्यला व्हता, मावशी.” असल्या मानसाला काय करावं?

गाडी तीन दिवस आमच्या दारात उभी. रंगनाथनं तिच्यावर आपली ताडपत्री टाकली. चौथ्या दिशी ऑटोतून पार्वतीबाई आली, कपाळाला पट्टी, संगं गाडी न्यायला डायवर. मी सुई हातात घेऊनच उठले. ती सरळ बबितासमोर जाऊन उभी राह्यली. वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का ती?”

“मीच.”

“उजव्या हाताला कशाला मारलंस बाई? डाव्याला मारायचं की. आता एवढ्या घोड्याला दोन्ही वक्त मी भरवायलेय.”

मला हसू आलं, तिलाबी आलं, अन् हसता हसता तिच्या डोळ्याला पानी आलं. “त्येनं ह्या मानसाला मारून टाकलं असतं,” ती म्हनली. “मंग मला जेलात जाऊन भरवावं लागलं असतं.” बबितानं आत जाऊन पानी आनून दिलं.

बिरदेव काठी टेकत उठला. कुनाचं ऐकलं न्हाई. वाकून, कन्हत, गाडीत घुसला, मिरर चकतीत अडकवला अन् धरून गदागदा हालवला. समदी गाडी हालली. मिरर न्हाई हालला.

“नाल बांधू नका,” तो पार्वतीबाईला म्हनला.

“न्हाई बांधत, लेकरा.” तिनं नाल पिशवीत घातला. काळी भावली मात्र हळूच बांधली, मी बघितलं.

आता दुकान परत चालू झालंय. काचा नव्या आल्यात. गोफन परत खिळ्यालाच हाय, फक्त खिळा बदललाय. चुलीच्या बाजूच्या भिंतीला, बबिताच्या हाताला येईल असा. मी तिला इचारलं, “आता घरात गुंड कोन म्हनायचा?” ती म्हनली, “मावशी, आधी डायवरांच्या सीटमधल्या तुमच्या टाचन्या मोजा.”

अन् सकाळी मी पत्र्याच्या भोकातून बघते. न्हाई बघायला पायजे, पन बघते. बिरदेव दोन्ही हात साबनानं धुतो, नखांत बी, अन् ते वर धरून, ओले, बबितासमोर उभा राहतो. पिशवीत हात ती घालते. भंडारा तिच्या अंगठ्याला लागतो, अन् तिच्या अंगठ्यानं त्येच्या कपाळाला. मंग तो कामाला लागतो.

“किती वेळ लावायलीस गं,” मी हिकडून ओरडते, “तीस जोड्या झाल्या!”

“हूं,” तिकडून येतं. आता दोघांचं येतं.